ओढाल तर अडकाल

वीतभर लांबीची, रंगीत पट्ट्यांनी विणलेली एक पोकळ नळी. दोन्ही तोंडं उघडी. ना खटका, ना स्प्रिंग, ना गाठ. दोन्ही बाजूंनी एकेक बोट घाला, ते अलगद आत जातं. आता बाहेर काढा पाहू! नळी दोन्ही बोटांना करकचून धरते. जेवढा जोर लावाल, तेवढी पकड घट्ट. इंग्रजीत या खेळण्याला ‘चायनीज फिंगर ट्रॅप’ म्हणतात. जर्मन भाषेत तर त्याचं नावच ‘मुली पकडणारी’ अशा अर्थाचं आहे!

या गमतीचं गुपित नळीच्या विणीत आहे आणि ते समजून घ्यायला घरातला एक सुती रुमाल पुरे. रुमालाच्या समोरासमोरच्या कडा धरून ओढा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. रुमाल लांब होतो आणि मधे चिंचोळा होतो. शिवणकाम करणाऱ्या भगिनी लगेच म्हणतील, ‘हे तर उरेब कापड!’ अगदी बरोबर. चुडीदार पायाला चापून बसतो तो याच गुणामुळे.

यात धागा मुळीच ताणला जात नाही. बदलतो तो फक्त दोन धाग्यांमधला कोन. विणीतले चौकोन कलून उभट होतात, म्हणजे लांबी वाढते ती रुंदीच्या जिवावर. आपल्या नळीच्या पट्ट्याही अशाच तिरक्या असतात. निम्म्या डावीकडून आणि निम्म्या उजवीकडून वेढे घेत एकमेकींच्या खालून-वरून जातात. नळी म्हणजे जणू गुंडाळलेलं उरेब कापडच.

थोडं गणित करू या. समजा, २५ सेंटिमीटर लांबीची एक पट्टी नळीभोवती ४ वेढे घेते आणि नळीची लांबी १५ सेंटिमीटर आहे. ही पट्टी उलगडून पाहिली तर ती एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण ठरते. पायथागोरसच्या नियमानं चार वेढ्यांच्या वाट्याला २० सेंटिमीटर येतात, म्हणजे नळीचा घेर ५ सेंटिमीटर. आता नळी ओढून २० सेंटिमीटर केली, तर चार वेढ्यांना १५ सेंटिमीटरच उरतात. घेर झाला पावणेचार! आत बोट असल्यामुळे नळी इतकी आवळू शकत नाही. मग ती बोटावर दाबून बसते. दाब वाढला की घर्षण वाढतं आणि बोट निसटत नाही. म्हणजे आपल्याला कैद करणारा जोर आपलाच असतो.

सुटकेचा मार्ग उलटा आहे. दोन्ही बोटं एकमेकांकडे ढकला. नळी आखूड होते, फुगते आणि सैल पडते. मग तिच्या कडा मोकळ्या बोटांनी धरून ठेवा आणि अडकलेली बोटं सावकाश सरकवा.

ही करामत खेळापुरतीच राहिलेली नाही. जमिनीखालच्या नळीतून विजेची जाड केबल ओढताना तिच्या टोकावर तारांचा विणलेला, मोज्यासारखा जाळीदार आवरण चढवतात. दोर ओढला की जाळी केबलला घट्ट धरते.

याहून मोलाचा उपयोग रुग्णालयात होतो. घसरून पडताना माणूस हात टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. उतारवयात हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये ही दुखापत विशेष दिसते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला ‘कॉलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. मोडलेले तुकडे कित्येकदा एकमेकांवर चढतात. ते जागी बसवायचे तर हात आधी ताणायला हवा. अशा वेळी काही ठिकाणी डॉक्टर वेदना थांबवण्याचं औषध देऊन रुग्णाच्या बोटांवर विणलेल्या जाळीच्या नळ्या चढवतात आणि कोपर काटकोनात ठेवून हात वर टांगतात. दंडाला खाली वजन लावतात. ताण सावकाश आणि सारखा बसतो, स्नायू सैलावतात, मग हाड बसवून प्लास्टर घालतात. बोटाला दोरी बांधली असती, तर ती एकाच रेषेवर काचली असती. जाळीचा दाब मात्र बोटाच्या बऱ्याच भागावर वाटला जातो. वजन काढलं की पकडही सुटते.

अर्थात हे काम डॉक्टरांचं. घरी कुणी पडून मनगट सुजलं, तर ओढाताण न करता हात आधार देऊन स्थिर ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

आणि घरातलं लहान मूल या खेळण्यात अडकून रडू लागलं, तर त्याचा हात खेचू नका, कात्रीही शोधू नका. त्याची बोटं हलकेच आत ढकला. नळी आपोआप सैल होईल.