आईनेच पोलीस व्हायचं का?

मुलगी वेळेवर घरी आली नाही तर आपण काय करतो? आधी मोबाइल लावतो, मग तिच्या मैत्रिणींकडे चौकशी करतो आणि शेवटी पोलीस चौकी गाठतो. एकदा तक्रार नोंदवली की कुणीतरी शोधेल, एवढा भरवसा असतो. पण तो भरवसाच नसेल तर? 'ला सिविल' हा मेक्सिकोत घडणारा २०२१चा थरारपट नेमका तिथेच सुरू होतो.

उत्तर मेक्सिकोतलं एक छोटं गाव. सिएलो ही नवऱ्यापासून वेगळी राहणारी साधी बाई. एक पोरगेलासा तरुण रस्त्यात तिची गाडी अडवतो आणि थंडपणे सांगतो, लेक हवी असेल तर पैसे आण. ती पैसे जमवते, देते. पुन्हा मागतात, पुन्हा देते. लेक काही परत येत नाही. पोलीस दाद देत नाहीत. मग ही बाई स्वतःच पाळत ठेवू लागते. आर्सेलिया रामिरेझने ही भूमिका फार ताकदीने केली आहे.

सिनेमा आहे, थोडं तिखटमीठ लावणारच, असं वाटेल. पण दिग्दर्शिका तेओदोरा मिहाय यांना ही गोष्ट मिळाली ती एका खऱ्या आईकडून. तामौलिपास राज्यातल्या सान फर्नांडो गावची मिरियम रॉड्रिगेज. २०१४ साली तिच्या लेकीला पळवलं, खंडणी घेऊनही मारलं. मिरियमने केस रंगवले, कधी सरकारी कर्मचारी असल्याची बतावणी केली, एकेकाचं नाव-पत्ता काढला आणि तीन वर्षांत जवळपास दहा जणांना पकडून दिलं. २०१७ साली कैदी तुरुंगातून पळाले, तेव्हा तिने संरक्षण मागितलं. १० मे २०१७ला राहत्या घराबाहेर तिला गोळ्या घातल्या. मेक्सिकोत १० मे हा मातृदिन असतो!

तिथे माणसं मारली जातात तशी 'नाहीशी'ही केली जातात. प्रेत नाही म्हणजे खुनाचा पुरावा नाही. टोळीला ते सोयीचं आणि फाइल बंद ठेवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही. सरकारी नोंदीतल्या बेपत्ता माणसांचा आकडा २०२२मध्ये एक लाखाच्या पुढे गेला आणि त्यानंतरही वाढतच राहिला. म्हणून आयांनीच गट केलेत. हातात फावडी आणि लोखंडी सळया. सळई जमिनीत खुपसायची, बाहेर काढून टोकाचा वास घ्यायचा. कुजल्याचा वास आला तर तिथे खणायचं. आईने हे करायचं, विचार करा!

आता आपली नेहमीची प्रतिक्रिया काय? 'शेवटी आईची माया!' आपण तिला दुर्गा म्हणतो, टाळ्या वाजवतो आणि मोकळे होतो. 'ला सिविल' मला आवडला, तो इथेच. तो सिएलोला देवी करत नाही. एका लष्करी अधिकाऱ्याच्या मदतीने ती शोध घेते, तेव्हा कायदा गुंडाळून केलेल्या मारझोडीत तीही ओढली जाते. गुन्हेगारांना गाठता गाठता ती स्वतः बदलत जाते. बघताना तिची बाजू घ्यावीशी वाटते आणि भीतीही वाटते.

सिनेमाच्या नावाचा अर्थच आहे 'नागरिक बाई'. वर्दी नाही, हत्यार नाही, पगार नाही. तरी तपास तिने करायचा, धोका तिने पत्करायचा आणि जीवही तिनेच गमवायचा. मग वर्दीतल्या माणसांचं काम काय? आईच्या धैर्याचं कौतुक जरूर करूया. पण मैत्रिणींनो, ज्या व्यवस्थेला आईच्या धैर्यावाचून हरवलेली मुलगी सापडत नाही, तिला आधी जाब विचारायला हवा, नाही का?