खांद्याला तूप, पाठीला तुतारी

खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावली, दुसऱ्या दिवशी पोळ्यात झूल घालून नेला, स्टेटसला फोटो टाकला. झालं! पण ज्या खांद्याला तूप लावलं, तो सोलला कोणी? हे कोणी विचारत नाही.

स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ द्या. आपला जीव बैलापेक्षा आपल्या भावनेवर जास्त आहे. पुरावा कायद्यातच आहे. २०१५ पासून राज्यात बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद. त्याच बैलाला तुतारीनं टोचून रक्त काढलं तर १९६० च्या केंद्राच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! अन् २०१५ च्या बंदीत म्हैस नाही. तिला दुखत नाही काय?

शंकरपटाचं घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बंदी घातली, २०२३ मध्ये राज्याचा शर्यतींचा कायदा कायम ठेवला. तळेगाव दशासरचा पट आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. पटात नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड आहे. चांगलंच आहे. पण पट वर्षातून एकदा. बाकीचे दिवस बंडी ओढणाऱ्या बैलाची किंमत तेच पन्नास रुपये.

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणाऱ्यांनाही एक सांगतो. एकानं मला तोंडावर विचारलं, "भाऊ, बुढा बैल कोणी घेत नाही. त्याच्या कुटाराचे पैसे कोण देते? तुम्ही?" मी गप्प बसलो. 'गोवंशाला जीवदान' अशा मथळ्याच्या बातम्या मीच लिहिल्या आहेत. महिनाभरानं ती जनावरं जिवंत आहेत का, हे पाहायला मी एकदाही गेलो नाही.

बैल माणसाच्या बरोबरीचा आहे, असं मी म्हणत नाही. गोठ्याला आग लागली अन् आत लेकरू असलं, तर मी आधी लेकराकडेच धावीन. पण म्हणून बैलाचं दुखणं खोटं ठरत नाही. माणूस स्वतःला श्रेष्ठ म्हणवतो ना? मग त्या मोठेपणाची किंमतही त्यानंच मोजावी. पन्नास रुपयांचा दंड बदला. अन् म्हाताऱ्या बैलाला कापू द्यायचं नसेल, तर त्याची वैरण सरकारनं शेतकऱ्याच्या दारात पोचवावी. पुण्य सगळ्यांचं अन् खर्च एकट्या शेतकऱ्याचा, हे चालणार नाही.

यंदा पोळ्याला बैलाच्या खांद्यावरून हात फिरवाल, तेव्हा तिथली गाठ हाताला लागते का पाहा. लागली तर फोटो तिचाही टाका.