गृहविज्ञान : अखंड पक्षी आणि गृहिणीची पंगत

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं मांस शिजत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि उष्णतेचे नियम अन्नाची जात पाहत नाहींत. आणि ज्यांचीं मुलें-सुना अमेरिकेंत संसार थाटून आहेत, अशीं कुटुंबेंही आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे कृतज्ञतेचा सण असतो. हा वार १९४१ सालीं कायद्यानें कायम झाला. त्या दिवशींचें मुख्य पक्वान्न म्हणजे भाजलेला टर्की पक्षी.

हा पक्षी आपल्या देशास अगदींच अपरिचित नाहीं. १६१२ च्या सुमारास मुकर्रबखानानें जहांगीर बादशहासाठीं गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू नेल्या, त्यांत एक टर्कीही होता. उस्ताद मन्सूर यानें काढलेलें टर्कीचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे.

आतां अडचण पाहा. बारा पौंडांचा पक्षी अखंड भाजावयास सुमारें तीन तास लागतात. छातीचें मांस ६५ अंश सेंटिग्रेडच्या पुढें कोरडें पडूं लागतें. उलट मांडीचे चिवट तंतू मऊ होण्यास ८० अंशांच्या आसपास उष्णता लागते. अखंड पक्ष्याची छाती वर उघडी, तर मांड्या खालीं अंगाशीं दडलेल्या. मांड्या शिजेपर्यंत छातीचा चोथा होतो! वरचेवर रस शिंपडल्यानें फक्त कातडी भिजते, आणि दार उघडल्यामुळें भट्टी मात्र निवते.

यावर उपाय सोपा आहे. पक्षी गोठलेला असल्यास तीन दिवस आधीं शीतकपाटांत ठेवून वितळूं द्यावा. मग मजबूत कात्रीनें पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू कापून कणा काढावा, पक्षी उलटा करून छातीचें हाड तळहातानें दाबावें, म्हणजे तो पुस्तकासारखा उघडून सपाट होतो. आदल्या दिवशीं सर्वांगास मीठ चोळून झांकण न घालतां शीतकपाटांत ठेवावा. मीठ आंत मुरल्यानें मांसाचे तंतू कमी आकसतात व रस धरून ठेवतात. कातडी सुकून पुढें खुसखुशीत होते. मग २३० अंशांच्या भट्टीत सुमारें दीड तास पुरे. मांड्या आतां उघड्यावर असल्यानें त्यांना आंच अधिक लागते. छाती ७४ अंशांवर येते तेव्हां त्या ८० च्या घरांत असतात. अमेरिकन सरकारी खात्यानें सर्वांत जाड भागीं ७४ अंश हेंच सुरक्षित मान ठरविलें आहे. तें घड्याळावरून न अजमावतां उष्णतामापकानेंच पाहावें. उतरविल्यावर वीस मिनिटें तसाच ठेवून मग कापावा. काढलेला कणा पाण्यांत उकळला कीं रस्सा होतो.

तत्त्व इतकेंच कीं, जाडी दुप्पट झाली तर उष्णता मध्यापर्यंत पोंचण्यास सुमारें चौपट वेळ लागतो. अख्खा बटाटा व बटाट्याच्या फोडी यांतील फरक प्रत्येक गृहिणीस ठाऊकच आहे.

मग ही युक्ति घरोघर कां चालत नाहीं? कारण अखंड पक्षी ताटांत शोभतो. नॉर्मन रॉकवेल यांच्या १९४३ च्या प्रसिद्ध चित्रांत वृद्ध गृहिणी असाच अखंड पक्षी मेजावर मांडीत आहे आणि भोंवतीं सर्वांचे चेहरे हंसरे आहेत. त्या शोभेसाठीं ती किती तास चुलीशीं उभी होती, हें मात्र चित्रांत दिसत नाहीं. सपाट पक्षी देखणा नसतो, हा आक्षेप खरा आहे. पण आंतच कापून तुकडे तबकांत मांडले, तर तो आक्षेपही उरत नाहीं.

आम्हांस या पद्धतीचें महत्त्व वाटतें तें याचसाठीं. आपल्याकडेही सणाच्या दिवशीं जिनें पहाटेपासून पुरण शिजविलें, तिच्या पानावर कित्येक घरीं दुपार कलल्यावर पोळी पडे, आणि तीही निवालेली. कृतज्ञतेचा सण असो कीं होळी, रीत मोडावयाची नाहीं. पण रीतीचा कोणता भाग देवाचा व कोणता केवळ देखाव्याचा, हें एकदां घरांतील सर्वांनीं मिळून ठरवावें. वांचलेल्या दीड तासांत गृहिणी पहिल्या पंगतीस बसूं शकते. अन्न गरम असतां तिलाही तें मिळावें, याहून मोठा लाभ या युक्तींत आम्हांस दिसत नाहीं.