एक्सप्लेनर : जुन्या अ‍ॅम्पला भाव किती? वॅट विसरा, आधी दुरुस्तीवाल्याला विचारा

गणपती उठले की मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे फोटो येऊ लागतात. कुठे पथक मोडलेले असते, कुणाला पतपेढीचा हप्ता भरायचा असतो, कुणाला मोठा सेट घ्यायचा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यात गिटार वाजवणारे मोजके, पण गिटारसाठी बनवलेला ‘क्यूब’ अ‍ॅम्प शेवगाव-पाथर्डीपासून संगमनेर-अकोल्यापर्यंत दिसतो. त्याला बँजो, कीबोर्ड, नाहीतर ऑक्टोपॅड जोडलेला असतो. विकायला काढल्यावर मात्र दोन वर्षांपूर्वीच्या चकचकीत पेटीला गिऱ्हाईक मिळत नाही आणि पंधरा वर्षांची जड पेटी कुणीतरी लगेच उचलतो. असे का?

पहिला फटका कराचा. नव्या अ‍ॅम्पवर १८ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत २०,००० रुपये असेल तर खिशातून २३,६०० जातात. तोच अ‍ॅम्प घरगुती माणसाने दुसऱ्या दिवशी विकला तरी घेणारा ते ३,६०० मोजणार नाही. म्हणजे खोके फोडले त्याच दिवशी एवढी रक्कम गेली.

खरा भाव ठरतो तो पुढच्या प्रश्नावर : उद्या हा बिघडला तर तालुक्यात कोण दुरुस्त करणार?

जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये तांब्याच्या तारेचा जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि आवाज वाढवणारे मोठे ट्रान्झिस्टर हीटसिंकवर सुटे बसवलेले असतात. ‘५२००-१९४३’ ही जोडी म्हटले की कुठलाही मेकॅनिक ओळखतो. जोडी उडाली तर बदलता येते, ट्रान्सफॉर्मर जळाला तर पुन्हा गुंडाळून मिळतो. (बाजारात या जोडीचा नकली मालही भरपूर आहे, तो वेगळा ताप.) नव्या हलक्या ‘क्लास डी’ अ‍ॅम्पमध्ये सगळे बारीक सुटे भाग एका बोर्डवर चिकटवलेले असतात. तंत्रज्ञान वाईट नाही. वीज कमी लागते, टेम्पोत चढवायला सोपे. पण बिघाड झाला की अख्खा बोर्ड बदला, आणि बोर्ड मिळत नसेल तर पेटी भंगारात. घेणारा ही जोखीम भावातून कापून घेतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

आता वॅटचे. पेटीवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारोंचा आकडा छापलेला असेल तर तो बाजूला ठेवावा. तो क्षणभराचा, कागदावरचा आकडा. सलग किती ताकद मिळते ते ‘आरएमएस’ सांगते. जाहिरातीत हाच आकडा लिहिला तर जाणकार गिऱ्हाईक फोन करतो. नाहीतर नुसताच ‘लास्ट किती?’ असा मेसेज येतो.

विकायची वेळही महत्त्वाची. अनंत चतुर्दशीनंतर सगळेच विकायला निघतात, म्हणून भाव पडतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पुढे चैत्रात गावोगावच्या जत्रा. हप्ता थांबणार असेल तर दोन महिने कळ काढलेली बरी. मोठ्या डीजे सेटचे गणित मात्र वेगळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पोलिसांनी ती कडक केली की त्या सेटची मागणी एका हंगामात बसते. भजनी मंडळाच्या छोट्या अ‍ॅम्पला ती भीती नाही.

खरा गिटार अ‍ॅम्प हाती असेल तर गिऱ्हाईक पुण्यात शोधावे. जपानच्या रोलँडने १९७५ मध्ये आणलेला ‘जॅझ कोरस १२०’ अजूनही किंमत धरून आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर व्हॉल्व्ह झिजतात, त्यांचा खर्च घेणारा वजा करतो. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला असेल तर आधी मागची पट्टी वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. वेगळा स्टेपडाउन लागणार असेल तर भाव उतरतोच.

या सगळ्यात पोळतो तो कर्ज काढून नवा अ‍ॅम्प घेणारा गावाकडचा पोरगा. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पण पोर्टलवर कंपनीचा हेल्पलाइन नंबर असून भागत नाही. सर्किटचा नकाशा आणि सुटा बोर्ड राहुरी-नेवाशाच्या मेकॅनिकला योग्य दरात मिळायला हवा. तो देणे कंपन्यांवर बंधनकारकच करायला हवे.

तोवर विकणाऱ्याने एवढे करावे. बिल शोधून ठेवावे, त्याशिवाय चोरीच्या मालाचा संशय येतो. नॉब फिरवताना करकर येत असेल तर बहुतेक वेळा ती धूळ असते, स्प्रेने जाते. त्यापायी हजार रुपये सोडू नयेत. सलग घुमल्यासारखा आवाज येत असेल तर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता जास्त, ते आधीच सांगावे. आणि गिऱ्हाईक आले की अ‍ॅम्प अर्धा तास मोठ्या आवाजात चालवून दाखवावा, शेजाऱ्यांना विचारून.