गंधपुरा : दुखऱ्या गुडघ्यांचे तेल



चातुर्मासात सामायिकासाठी ४८ मिनिटे एका आसनावर बसून उठताना साठीपुढच्या किती जणांच्या गुडघ्यांची परीक्षा होते, ते आपण सर्वच जाणतो. पेढीवर दिवसभर गादीवर बसणाऱ्यांची कंबरही निराळी नसते. रावेतमधील आमच्या इमारतीच्या उद्वाहनात सायंकाळी एक ओळखीचा, गोडसर आणि किंचित तिखट वास येतो. कोणीतरी नुकतेच मलम चोळून खाली निघालेले असते. वेष्टन वाचले तर त्यावर ‘गंधपुरा तेल’, ‘विंटरग्रीन’ किंवा ‘मिथाइल सॅलिसिलेट’ यांपैकी एक नाव बहुधा सापडते. या लेखात त्याच वनस्पतीचा परिचय करून द्यायचा आहे.

गंधपुरा हे सदाहरित झुडूप आहे. शास्त्रीय नाव ‘गॉल्थेरिया फ्रॅग्रंटिसिमा’, आणि कूळ हिमालयातील बुरांसाचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे. आपल्या बाजूच्या सह्याद्रीत ते शोधू नये. त्याचे घर दक्षिणेतील नीलगिरीच्या उंच, थंड शोला वनांच्या कडेला, मेघालयातील खासी टेकड्यांवर आणि नेपाळपर्यंतच्या हिमालयात आहे. फुले पांढरट, घागरीच्या आकाराची, फळे निळसर. पान चुरगळले की बाटलीतला तोच वास बोटांना लागतो. या प्रदेशांतील लोक सांधेदुखीवर आणि लचक भरल्यावर या तेलाचे मर्दन पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. अमेरिकेच्या जंगलात याचेच एक ठेंगणे भावंड उगवते. तेथील मूळ रहिवासी त्याच्या पानांचा काढा अंगदुखीत व तापात घेत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ब्रिटिशांच्या चहावर बहिष्कार पडला तेव्हा वसाहतकऱ्यांनीही ही पाने उकळून प्यायली.

तेल निघते ते पानांतून. झाड मुळासकट उपटावे लागत नाही, हे आपल्या वाचकांना आवडेल. काढण्याची रीत मात्र मजेची आहे. पानात हे तेल तयार स्थितीत नसते. साखरेशी जखडलेले असते. पाने कोमट पाण्यात भिजत ठेवली की त्यांतीलच एक पाचक द्रव्य ती गाठ सोडवते, आणि मगच ऊर्ध्वपातन करतात. बहुतेक सुगंधी तेले पाण्यावर तरंगतात. हे जड असल्यामुळे भांड्याच्या तळाशी बसते. जवळजवळ सगळेच तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, हे १८४३च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ काऊर यांनी दाखवून दिले. ॲस्पिरिनही याच सॅलिसिलेटच्या घराण्यातले. आज बाजारात येणारा बहुतांश माल कारखान्यात बनतो. व्यापाऱ्याच्या नजरेने शुद्ध आणि कृत्रिम यांच्या भावात अंतर असेल. शरीराच्या दृष्टीने मुख्य द्रव्य एकच, आणि धोकाही एकच.

धोका हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. या शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेटची ताकद असते. ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या एकवीस गोळ्या एकदम घेतल्यासारखेच ते झाले. लहान मुलाच्या प्राणावर बेतायला त्याहून कमीही पुरते. आणि वास तर गोळी-चॉकलेटसारखा! गेल्या वर्षी शेजारच्या दादीसांनी सुटे आणलेले तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवले होते. चार वर्षांच्या नातवाने झाकण उघडून बाटली ओठांना लावली, तेवढ्यात सुनेने हात धरला. पोटात काही गेले नव्हते, तरी त्या दोघींची रात्र रुग्णालयातच गेली. त्यांनी केले ते योग्यच. असे तेल पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी कानात गुणगुण, उलट्या, धाप अशा लक्षणांची वाट पाहू नये. मुद्दाम उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

त्वचेवाटेही हे द्रव्य रक्तात उतरते. २००७ मध्ये न्यूयॉर्कची एक सतरा वर्षांची धावपटू अशा मलमांच्या अतिवापराने दगावली. म्हणून शुद्ध तेल थेट न चोळता थोडे थेंब तिळाच्या किंवा खोबरेल तेलात मिसळावेत, दुखऱ्या जागेपुरतेच लावावेत. वर गरम पिशवी ठेवू नये, पट्टी आवळून बांधू नये. उष्णतेने शोषण वाढते. कापलेल्या, खरचटलेल्या जागी लावू नये. घरात कोणी रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेत असेल, तर मलमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच लावावे, कारण रक्तस्राव वाढल्याच्या नोंदी आहेत. ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांनी, गर्भवतींनी दूर राहावे, आणि मुलांच्या अंगाला ते लावूच नये.

एवढे पथ्य सांभाळले तर गंधपुरा गुणी आहे. दिवसभराच्या बैठकीनंतर आखडलेल्या पाठीला दोन बोटे तेल हलक्या हाताने जिरवले की जो ऊबदार आराम मिळतो, तो मीही अनुभवते. दादीसांनीही तेल सोडलेले नाही. बाटली मात्र आता कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर कुलपात असते, आणि तिच्यावर सुनेने लाल शाईने लिहिले आहे : ‘फक्त चोळण्यासाठी’.