दोन बोलण्यांमधली जागा

दिवाळीच्या आधी मी धाकट्या भावाला नागपूरला फोन केला. "काय रे, पाडव्याला येताय ना सगळे?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "अं... बघतो, दादा." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. चकल्या तळता तळता आमची ही म्हणाली, "नाहीच ना येत भाऊजी?"

भाऊजींचा आवाजही जिच्या कानी पडला नाही, तिला हे कळले कसे? विचारले, तर म्हणते, "तुम्ही 'बरं' म्हणायला केवढा वेळ घेतलात!"

ही विद्या बायकांना उपजतच येते, असा माझा समज होता. पण भाषाशास्त्र शिकणारी आमची भाची म्हणाली, "मामा, याचं रीतसर शास्त्र आहे." अमेरिकेत सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांनी, माणसे बोलण्याची पाळी कशी घेतात, यावर १९७४ साली एक निबंध लिहिला. साध्यासुध्या गप्पा ध्वनिमुद्रित करायच्या आणि अडखळणे, हसणे, थांबणे यांसकट उतरवून काढायच्या, ही त्यांची रीत.

पण ते इंग्रजीपुरतेच खरे की साऱ्या जगाचे? एकट्यादुकट्याने ठरवायची ही गोष्ट नव्हे. हॉलंडमधील नायमेखेन येथील संस्थेच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने दहा भाषा घेतल्या. कोणी मेक्सिकोतल्या त्सेल्तालचा जाणकार, कोणी लाओसच्या भाषेचा. सर्वांनी एकाच पद्धतीने मोजमाप केले, आणि २००९ साली निष्कर्ष छापला. प्रश्न आणि उत्तर यांमध्ये सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. जपानी माणूस जवळजवळ लगोलग बोलतो; डेन्मार्कचा सुमारे अर्धा सेकंद घेतो. खरे उत्तर लवकर येते आणि 'बघतो', 'सांगता येत नाही' ही टोलवाटोलवी उशिरा, हे मात्र दहाही भाषांत सारखेच!

त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती. भाची म्हणते, "परक्याला घड्याळ लावून सेकंद मोजता येतील, पण आपल्या 'हो का?'मधला रुसवा त्याला कोण सांगणार? त्याला त्या घरचाच कान हवा. प्रत्येक भाषेतली माणसं एकत्र आली, तरच हे शास्त्र जगाचं होईल." बोलणाऱ्यांची परवानगी घेऊन ती आता घरोघरच्या गप्पा टिपते आहे. आमच्या हिने तिला तत्काळ होकार दिला. मध्ये जागा शून्य!

मला मात्र ती नागपूरची जागा स्वस्थ बसू देईना. रात्री पुन्हा फोन लावला. "येणार का, ते राहू दे. अडचण काय आहे, ते सांग."

या खेपेला उत्तर लगेच आले. "दादा, हिचं ऑपरेशन ठरलंय. ऐन सणात तुम्हांला कशाला घोर, म्हणून..."

चकल्यांचा डबा बांधून ठेवला आहे. यंदाचा आमचा पाडवा नागपूरला.