साखर तीच, बंध वेगळा! ‘ओआरएस’ या नावामागचे रसायन

भातसानगरच्या धरणातून मुंबईची जवळपास निम्मी तहान भागते. त्याच शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातही हेच चित्र असते. आटलेल्या विहिरीच्या तळाचे पाणी आणि नंतर पहिल्या पावसाचे गढूळ पाणी जुलाबांना निमंत्रण देते. अशा वेळी पाड्याच्या सर्वांत जवळ दवाखाना नसतो, किराणा दुकान असते. त्यामुळे दुकानातल्या खोक्यावर काय छापले आहे, हा प्रश्न लहान मुलाच्या जिवाशी जोडलेला आहे.

या पार्श्वभूमीवर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढलेला आदेश महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. त्याआधी, २०२२ आणि २०२४ मधील आदेशांनुसार, ‘हे शिफारस केलेले ओआरएस नाही’ अशी सूचना छापून हा शब्द वापरण्याची मुभा होती. ती सूचना किती जण वाचत असतील, हे सांगायला नको. मात्र वाद केवळ नावाचा नाही. तो साखरेचा आहे. साखर कोणती, किती आणि कशाशी जोडलेली, यावर ते पेय औषध ठरते की अपाय, हे अवलंबून असते.

जुलाब झालेल्या मुलाला साखर द्यायचीच कशाला? ताकद यावी म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. खरे कारण वेगळे आहे. ग्लुकोजच्या रेणूत पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून सहा कोनांचे कडे तयार होते. लहान आतड्याच्या पेशींवर या कड्याला ओळखणारे एक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन कण सोबत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरते. जुलाबात आतड्याची बाकी व्यवस्था कोलमडली तरी हे दार बहुधा उघडे राहते. फ्रुक्टोजचे रासायनिक सूत्र ग्लुकोजचेच, पण मांडणी वेगळी. त्यामुळे ते दुसऱ्या दाराने जाते आणि सोडियमला सोबत नेत नाही.

घरातली साखर म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेली जोडी. आतड्यात हा पूल तुटतो आणि एका कणाचे दोन होतात. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असते अवघे १३.५ ग्रॅम. कोलासारख्या शीतपेयात लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते. ती फुटली की आतड्यात विरघळलेल्या कणांची गर्दी रक्तातल्या गर्दीच्या जवळपास दुप्पट होते. मग पाणी शरीरात शिरण्याऐवजी शरीरातून आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. गोड पेय पिऊन मूल क्षणभर तरतरीत दिसते, पण आतून आणखी कोरडे पडते.

याच्या उलट उदाहरण शहापूर-मुरबाडच्या चुलीवर सापडते. भाताच्या पेजेतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. शेकडो-हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडलेले असले तरी गर्दी मोजताना ती साखळी एकच कण. आतड्यातली पाचकद्रव्ये ती हळूहळू तोडतात आणि सुटलेला ग्लुकोज लगेच आत घेतला जातो. म्हणून मीठ घातलेली पातळ पेज जुलाबात उपयोगी पडते. भाताच्या पेंढ्यातही ग्लुकोजच असतो, मात्र तेथील बंधाची दिशा वेगळी. तो बंध माणसाला तोडता येत नाही. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव तो तोडतात.

या ज्ञानाची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आज ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आशा सेविकेकडे आणि आरोग्य उपकेंद्रात मोफत मिळतात. पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच, पूर्ण विरघळवायचे. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाल्यास धोका असतो. अंगावरचे दूध थांबवायचे नाही. सहा महिन्यांखालील बाळाला पेज द्यायची नाही. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पिऊ शकत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायला हवे.

नावाचा गोंधळ आदेशाने मिटू शकतो. पण पाकीट विरघळवायला लिटरभर स्वच्छ पाणी लागते आणि ते आदेशाने मिळत नाही. भातसाच्या पाण्याचा वाटा धरणाच्या परिसरातल्या पाड्यांपर्यंत पोहोचत नाही, तोवर जुलाबांवरचा सर्वांत साधा उपायही तेथे अर्धाच राहील.